शास्त्राभ्यास : पाळकाचे हात कोणीं धरावे?

मुख्य पाठ : निर्गम १७:८-१३.
जोडपाठ : निर्गम १८:१३-२७, १ राजे १९:१-१८, नहेम्या १३:१०-१४, फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०.
पाठाचा हेतु : पाळकाची सेवा दीर्घकाळ टिकावी व फलद्रूप व्हावी ही जबाबदारी एकट्या पाळकाची नसून सर्व मंडळीची आहे, हें समजून घेणें, आणि आपल्या गांवीं या कामीं काय करितां येईल तें ठरविणें.

प्रस्तावना

नवा पाळक गांवीं येतो तेव्हां मंडळी त्याच्या गळ्यांत हार घालते, गायनें गात त्याला मंदिरांत नेते, आणि पहिल्या रविवारचा उपदेश ऐकून जो तो म्हणतो, कीं देवानें आम्हांस चांगला मेंढपाळ दिला. चार-पांच वर्षांनीं त्याच गांवीं जावें, तर पुष्कळदां निराळें चित्र दिसतें. उपदेश चालू असतो, पण त्यांत तेज राहिलेलें नसतें. पाळक तीन गांवांच्या उपासना, भावकीचे तंटे, दवाखान्याच्या खेपा, लग्नें, प्रेतसंस्कार आणि हिशेबाच्या वह्या या सर्वांत विरून गेलेला असतो. सहाव्या वर्षीं तो बदलीचा अर्ज करितो, किंवा पाळकपण सोडून दुसरी नोकरी धरितो. मग कित्येक महिने त्या गांवीं प्रभुभोजन होत नाहीं, आणि कोणी मरण पावलें तर प्रार्थनेसाठीं दहा कोसांवरून माणूस आणावा लागतो. लोक म्हणतात, “पाळक टिकले नाहींत.” त्यांस आम्हीं टिकूं दिलें काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं. आजच्या पाठांत तोच प्रश्न पवित्र शास्त्रापुढें ठेवावयाचा आहे.

१. रफीदीमाची टेकडी

इस्राएल लोक मिसर देशांतून निघून रफीदीमापर्यंत आले होते. तेथें अमालेक त्यांच्यावर चालून आला. अनुवाद २५:१७-१८ यावरून समजतें, कीं थकून मागें पडलेल्या दुर्बळ लोकांवर त्यानें घाला घातला होता. यहोशवा मैदानांत लढावयास उतरला, आणि मोशे देवाची काठी हातीं घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. त्याचे हात वर असले म्हणजे इस्राएलाची सरशी होई, आणि खालीं आले म्हणजे अमालेकाची.

येथें तीन गोष्टी नीट पाहाव्या.

पहिली ही, कीं मोशेचे हात जड झाले. शास्त्र हें लपवीत नाहीं, आणि त्याबद्दल मोशेस दोषही देत नाहीं. ज्याच्याशीं देव जळत्या झुडुपांतून बोलला त्याचेही हात मांसाचेच होते. पाळक थकला म्हणजे त्याचा विश्वास कमी झाला, असें कित्येक बंधु लागलेंच म्हणूं लागतात. या पाठांत तसा आधार नाहीं.

दुसरी ही, कीं अहरोन व हूर यांनीं मोशेच्या हातांतली काठी घेतली नाहीं, आणि टेकडीखालीं उतरून त्याच्या अशक्तपणाची चर्चाही केली नाहीं. त्यांनीं अगोदर एक धोंडा आणून त्यास बसावयास दिला, आणि मग एकानें एका बाजूनें व दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूनें त्याचे हात धरिले. धोंडा ही अगदीं साधी वस्तु होय. पण उभ्या माणसास बसावयास जागा हवी, हें ध्यानांत येण्यास प्रीति लागते.

तिसरी ही, कीं त्यांनीं हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेविले. घटकाभर धरून ते घरीं गेले असते, तर संध्याकाळीं जय अमालेकाचा झाला असता. स्वागताच्या दिवशीं हार घालणें सोपें आहे. सूर्य मावळेपर्यंत हात धरणें कठीण. आणि तो जय सर्व लोकांचा होता. मोशेचे हात ही त्याची खाजगी बाब आहे, असें त्या दिवशीं कोणालाही म्हणतां आलें नसतें.

२. दोन चुकीच्या समजुती

आपल्या महाराष्ट्रांत अमेरिकन मराठी मिशनचें काम १८१३ सालीं मुंबईस सुरू झालें, आणि १८३१ सालीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें त्याचें ठाणें बसलें. तेथें हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां एतद्देशीय बंधूंस १८५४ सालीं पाळकपदाची दीक्षा मिळाली. १८५४-५५ मध्यें त्या मिशनच्या अमेरिकेंतील बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे आपल्या मुलखांत आले होते. गांवोगांवच्या मंडळ्यांवर त्यांच्यांतलेच पाळक असावे, आणि मंडळ्यांनीं आपला कारभार, आपला खर्च व आपला सुवार्ताप्रसार स्वतः चालवावा, असें त्यांचें मत होतें.

विचार चांगला होता, परंतु खर्चाची गोष्ट फार हळू पुढें गेली. पुष्कळ वर्षें पाळकाच्या वेतनाचा मोठा भाग मिशनकडून येई. त्यामुळें एक समजूत दृढ झाली, कीं पाळक हा मिशनचा नोकर आहे आणि त्याची काळजी मिशननें वाहावी. तो काळ आतां सरला आहे. १९७० सालीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन झाली, मिशनरी परत गेले, आणि कारभार आपल्या हातीं आला. कारभार आला, पण जुनी समजूत गेली नाहीं. ‘मिशन’ या शब्दाच्या जागीं आतां ‘डायोसीस’ हा शब्द आला, एवढाच काय तो फरक पडला.

दुसरी समजूत गांवच्या जुन्या रीतींतून आली. गांवगाड्यांत बलुतेदारास खळ्यावर धान्य मिळे. त्यांत हक्क होता, परंतु अपमानही होता. आणि आपल्या वाडवडिलांपैकीं पुष्कळांनीं तो अपमान भोगला आहे. गांवच्या कनिष्ठ नोकरांचीं वतनें १९५८ सालच्या कायद्यानें गेलीं. तरी कित्येक ठिकाणीं मंडळी पाळकाकडे त्याच दृष्टीनें पाहते: आम्ही देतों, म्हणून त्यानें हांक मारितांच यावें, आणि आम्हांस आवडेल तेंच बोलावें. ज्या ओझ्याखालून आपले वडील निघाले, तें ओझें आपणच देवाच्या सेवकाच्या पाठीवर ठेवावें, हें किती अयोग्य!

पाळक परक्या मिशनचा नोकर नव्हे, आणि आपला बलुतेदारही नव्हे. ख्रिस्तानें आपल्या मंडळीस दिलेल्या देणग्यांपैकीं तो एक आहे (इफिसकरांस ४:११-१२). आणि त्याच वचनांत सांगितलें आहे, कीं ही देणगी पवित्र जनांस सेवेसाठीं सिद्ध करण्याकरितां आहे. पाळकानें सर्व सेवा करावी व इतरांनीं पाहावी, असें तेथें नाहीं.

३. पहिला आधार : भाकरी

नहेम्या कांहीं काळ यरुशलेमाबाहेर होता. परत आल्यावर त्यानें काय पाहिलें? लेव्यांचे वांटे त्यांस मिळाले नव्हते, म्हणून मंदिरांत सेवा करणारे लेवी व गायक आपापल्या शेतांकडे पळून गेले होते (नहेम्या १३:१०). त्यानें लेव्यांस आळशी म्हटलें नाहीं. त्यानें अधिकाऱ्यांस बोलावून त्यांच्याशीं वाद केला, कीं देवाचें मंदिर असें कां टाकलें गेलें? मग त्यानें लेव्यांस परत आणिलें, आणि विश्वासू म्हणून गणलेल्या चार माणसांच्या हातीं कोठाराचें काम दिलें. सेवक पळाला तर आधीं कोठार पाहावें, हा नहेम्याचा धडा आहे.

शेतकरी बंधूंनीं मळणीच्या बैलाची आज्ञाही आठवावी. खळ्यांत फिरणाऱ्या बैलास मुसकें बांधूं नये, असें नियमशास्त्रांत आहे (अनुवाद २५:४), आणि पौल दोन पत्रांत तीच आज्ञा सुवार्तेच्या सेवकांस लावितो (१ करिंथकरांस ९:९, १ तीमथ्य ५:१८). बैल धान्य पाहतो, तें तुडवितो, त्याचा वास त्याला येतो; आणि तोंड मात्र बांधलेलें! पाळक लोकांच्या लग्नांत आशीर्वाद देतो, त्यांच्या लेंकरांच्या शिक्षणासाठीं प्रार्थना करितो, आणि त्याच्या स्वतःच्या मुलाची फी थकलेली असते. हें मुसकें नव्हे तर काय?

गरीब मंडळीनें काय करावें, असें कोणी विचारील. फिलिप्पै येथील मंडळी गरीब होती. मासेदोनियाच्या मंडळ्यांचें अठराविश्वें दारिद्र्य पौलानें स्वतः लिहून ठेविलें आहे (२ करिंथकरांस ८:१-२). तरी पौल थेस्सलनीकास असतां त्यांनीं त्याची गरज एकदां नव्हे तर दोनदां भागविली. नुसता पैसा पाठवून ते थांबले नाहींत. पौल बंदीत असतां एपफ्रदीत या आपल्या माणसास त्यांनीं त्याच्या सेवेस पाठविलें, आणि त्या कामांत तो मरणाच्या दारापर्यंत गेला (फिलिप्पैकरांस २:२५-३०).

आपल्याच देशांतील एक उदाहरण घ्या. ज्यास पूर्वीं लुशाई डोंगर म्हणत, त्या आजच्या मिझोरामांत १९१० सालापासून ख्रिस्ती स्त्रियांनीं एक रीत पाळिली आहे. स्वयंपाकास तांदूळ काढतांना त्यांतून एक मूठ प्रभूसाठीं बाजूला ठेवावयाची, आणि तें धान्य गोळा करून मंडळीच्या कामास द्यावयाचें. तिला त्यांच्या भाषेंत ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, असें म्हणतात. तेथील मंडळ्या श्रीमंतीवर उभ्या राहिल्या नाहींत. अशा मुठींवर उभ्या राहिल्या.

आतां आपल्या गांवचा हिशेब करूं. एक मूठ ज्वारी अदमासें ५० ग्रॅम धरा. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे १०० ग्रॅम. मंडळींत ४० घरें असलीं तर दिवसाचे ४ किलो, आणि महिन्याचे १२० किलो होतात. एवढ्या धान्यांत पाळकाचें घर खाईल, आणि गांवांतील निराधार विधवेसही पाठवितां येईल. ज्या घरीं रोज हजेरीवर चूल पेटते, त्या घरासही एक मूठ जड नाहीं.

धान्यावरच सर्व भागत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. औषधपाणी, मुलांचें शिक्षण, गांवोगांव फिरण्याचा खर्च यांस रोकड लागते. आणि एक गोष्ट तर बहुधा कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं: पाळक जन्मभर मंडळीच्या घरांत राहतो, म्हणून निवृत्त होण्याच्या दिवशीं त्याला स्वतःचें छप्पर नसतें. ज्या मंडळ्यांनीं मिळून पाळकाच्या नांवें दरमहा थोडी रक्कम निवृत्तीसाठीं व आजारपणासाठीं बाजूला ठेविली, त्यांनीं त्याच्या मनांतली अर्धी काळजी काढिली.

४. दुसरा आधार : ओझें वांटून घेणें

रफीदीमानंतरच्याच अध्यायांत मोशेचा सासरा इथ्रो येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा न्याय करीत बसला आहे, आणि लोक ताटकळत उभे आहेत, असें तो पाहतो. त्यानें स्पष्ट सांगितलें, कीं ही रीत बरी नाहीं. अशानें तूंही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर भरंवशाचीं माणसें नेमावीं, आणि कठीण गोष्टी तेवढ्या मोशेपाशीं याव्या, अशी त्यानें मसलत दिली. लोकही झिजतील, हा शब्द विसरूं नये. पाळकानें सर्व कांहीं एकट्यानें केलें म्हणजे मंडळीस सुख होतें असें नाहीं. ती दुबळी होते.

आमच्या दुष्काळी मुलखांतील धनगरांचा वाडा सर्वांनीं पाहिला आहे. पाऊसकाळ संपला म्हणजे ते मेंढरें घेऊन निघतात. त्यांत कोणीही एकटा जात नाहीं. एक जण पुढें जाऊन चारा-पाणी पाहतो, बायका घोड्यावर संसार लादून मुक्कामाला पोहोंचतात, रात्रीं आळीपाळीनें जागतात, आणि कुत्रीं राखण करितात. ज्या शेतकऱ्याच्या रानांत मेंढरें बसतात, तो खताच्या मोबदल्यांत धान्य देतो. मेंढरें राखणें हें एका माणसाचें काम नव्हे, हें धनगरास ठाऊक आहे. मग ख्रिस्ताचा कळप एका माणसानें राखावा, असें आपण कां समजावें?

यासाठीं वडिलांनीं, उपदेशकांनीं व मंडळींतील स्त्रियांनीं कामें वांटून घ्यावीं. आजाऱ्यांची पहिली भेट त्या वस्तीच्या वडिलानें घ्यावी. हिशेबाची वही शिकलेल्या तरुणास द्यावी. शब्बाथशाळा शिक्षकांनीं चालवावी. किरकोळ तंटा दोघां वडिलांनीं मिटवावा, आणि न मिटेल तोच पाळकापुढें आणावा. प्रेषितांनीं वचनाच्या व प्रार्थनेच्या सेवेस मोकळीक राहावी म्हणून पंगतीच्या सेवेस सात माणसें निवडून घेतलीं (प्रेषितांचीं कृत्यें ६:१-७). त्या निवडीनंतर लगेच देवाच्या वचनाची वाढ झाल्याचें तेथें लिहिलें आहे. ‘गांव करी तें राव काय करी,’ ही म्हण आपलीच आहे. मंडळींतही ती खरी करून दाखवावी.

येथें पाळकबंधूंसही एक शब्द सांगितला पाहिजे. काम सोडवत नाहीं, दुसऱ्याच्या हातचें आवडत नाहीं, असा स्वभाव कित्येकांचा असतो. इथ्रोचें ऐकणारा मोशे फार नम्र होता. जो दुसऱ्यास शिकवून काम सोंपवितो, त्याचें काम तो गेल्यावरही चालतें.

५. तिसरा आधार : विसावा आणि अभ्यास

कर्मेलावर एलीयाचा मोठा जय झाला, आणि त्यानंतर थोडक्याच दिवसांत तो रानांत झुडुपाखालीं पडून मरण मागूं लागला. देवानें त्याच्याशीं कसें वर्तन केलें तें पाहा. प्रथम बोल लाविला नाहीं. दूत पाठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू दिला. त्यास निजूं दिलें, आणि उठवून पुन्हां खावयास दिलें. मगच डोंगरावर नेऊन प्रश्न केला. शेवटीं अलीशा हा सोबती दिला, आणि बालापुढें गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत, हें सांगितलें. भाकर, झोंप, सोबती व आशा, या क्रमानें देवानें आपल्या सेवकास उभें केलें.

आपल्या पाळकास आठवड्याचा एक दिवस विसाव्याचा असावा. रविवार हा त्याच्या श्रमाचा दिवस आहे. म्हणून दुसरा एखादा दिवस मंडळीनें ठरवून द्यावा, आणि मरण किंवा जिवावरचें दुखणें यांवांचून त्या दिवशीं त्याच्या दारीं जाऊं नये, कीं फोनही करूं नये. वर्षांतून कांहीं दिवस त्यास इतर पाळकांबरोबर प्रार्थनेस व अभ्यासास जाऊं द्यावें. येशूनें स्वतः आपल्या शिष्यांस एकीकडे नेऊन विसावा घ्यावयास सांगितलें, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळें त्यांस जेवावयासही सवड नव्हती (मार्क ६:३१).

अभ्यासाचेंही तसेंच आहे. विहिरींत झरा चालू असला तरच मोट भरते. सेमिनरींत तीन-चार वर्षें शिकलेलें ज्ञान तीस वर्षें पुरत नाहीं. मंडळीनें दरवर्षीं पाळकास दोन चांगलीं पुस्तकें घेऊन दिलीं, तर तीं उपदेशाच्या रूपानें मंडळीसच परत मिळतील.

६. चौथा आधार : खरें बोलणें

जिभेनें जितके पाळक घालविले तितके उपासमारीनें घालविले नसतील. वडिलावरील आरोप दोघां-तिघां साक्षीदारांवांचून घेऊं नये, असें पौल तीमथ्यास सांगतो (१ तीमथ्य ५:१९). पारावर, पाणवठ्यावर किंवा मोबाईलवर चालणारी कुजबूज ही साक्ष नव्हे. कांहीं म्हणावयाचें असेल तर दोघां वडिलांसह समोर बसून प्रीतीनें म्हणावें.

परंतु आधार देणें म्हणजे दोष झांकणें नव्हे. पुढच्याच वचनांत पौल सांगतो, कीं जे पाप करितात त्यांचा सर्वांसमक्ष निषेध करावा. मंडळीचा पैसा दोघांच्या सहीनें निघावा, हिशेब दरवर्षीं सर्वांपुढें वाचला जावा. यांत पाळकाचा अपमान नसून त्याचें रक्षण आहे. अहरोनाची गोष्ट ध्यानांत ठेवा. ज्यानें टेकडीवर मोशेचे हात धरिले, त्यानेंच पुढें लोकांच्या आग्रहास मान देऊन सोन्याचें वासरूं केलें. हात धरणारा माणूस होय-होय म्हणणारा नसावा. कोठें धरावें आणि कोठें अडवावें, हें त्यास कळावें.

७. पाळकाचें घर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, आणि १९०४ सालीं त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत आपल्या संसाराची हकिकत लिहिली आहे. अशा घरांत किती माणसांचा राबता असतो, हातीं आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेस कसा जातो, आणि त्याचा भार चुलीपाशीं उभ्या असलेल्या बाईवर कसा पडतो, हें ती वाचून कळतें. पाळकीणबाई ही मंडळीची बिनपगारी नोकर नव्हे. तिच्या लुगड्यावर व मुलांच्या खोड्यांवर गांवानें टीका करीत बसूं नये. मंडळींतील भगिनींनीं तिच्या दुखण्यांत तिच्या घरीं दोन भाकरी थापून द्याव्या. तेवढ्यानें कित्येक पाळकांची उमेद टिकेल.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या गांवचा हुशार मुलगा सेमिनरीस जावा कीं नाहीं, हें तो पाळकाचा उपदेश ऐकून ठरवीत नाहीं. पाळकाचें घर पाहून ठरवितो. आज ज्या पाळकास आपण वाऱ्यावर सोडूं, त्याच्यामागें उद्यांचा पाळकही जाईल.

फलितार्थ

सेवक देवाचा आहे, आणि त्यास टिकविणारी कृपाही देवाची आहे. पण टेकडीवर ती कृपा एका धोंड्याच्या व दोन माणसांच्या रूपानें आली. इब्री १३:१७ मध्यें सांगितल्याप्रमाणें पाळकांनीं आपलें काम आनंदानें करावें, कण्हत करूं नये. आणि त्यांचें कण्हणें आपल्या हिताचें नाहीं, असेंही तेथेंच म्हटलें आहे. या महिन्यांत प्रत्येक मंडळीच्या वडिलांनीं एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्या: मुठीचें धान्य कोण गोळा करील, पाळकाचीं कोणतीं दोन कामें आजपासून दुसरे घेतील, त्याच्या विसाव्याचा वार कोणता, आणि त्याच्यासाठीं रोज नांव घेऊन प्रार्थना कोणत्या घरीं कोणत्या दिवशीं होईल. जेथें पाळक नाहीं व उपदेशकच मंडळी राखतो, तेथें हीच व्यवस्था त्याच्यासाठीं करावी.

मनन व चर्चेसाठीं प्रश्न

१. मोशेचे हात खालीं येतांच काय होई? आपल्या मंडळींत तसें कधीं घडलें आहे काय?
२. लेवी शेतांकडे कां पळाले? नहेम्यानें दोष कोणास दिला?
३. इथ्रोच्या मसलतीप्रमाणें आपल्या गांवीं ‘दहांवर’ कोणास नेमतां येईल?
४. देवानें एलीयास ज्या क्रमानें सावरिलें तो क्रम सांगा.
५. अहरोनाच्या दोन गोष्टींवरून आधार व लांगूलचालन यांतील भेद समजावून सांगा.

आठवड्याचीं वाचनें

सोमवार : निर्गम १७:८-१६. मंगळवार : निर्गम १८:१३-२७. बुधवार : गणना ११:१०-१७. गुरुवार : १ राजे १९:१-१८. शुक्रवार : नहेम्या १३:१०-१४. शनिवार : प्रेषितांचीं कृत्यें ६:१-७. रविवार : फिलिप्पैकरांस ४:१०-२०.

प्रार्थना

हे प्रभो, मेंढरांच्या थोर मेंढपाळा, आमच्या पाळकाचे हात जड झाले असतील तर आम्हांस तें पाहावयास डोळे दे. त्याच्यासाठीं धोंडा उचलून नेण्याचें बळ दे, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याच्या बाजूस उभें राहण्याचा धीर दे. आमेन.